ओठांवरचे ठिपके, पोटातली गाठ

१८९५ साली लंडनच्या एस्क्युलेपियन सोसायटीपुढे जे. टी. कॉनर नावाच्या डॉक्टरांनी एक लहानशी नोंद मांडली. बारा वर्षांच्या दोन जुळ्या बहिणी. दोघींच्याही ओठांवर आणि तोंडात आतल्या बाजूला काळपट ठिपके. ते दुखत नव्हते, त्यांचा काही त्रासही नव्हता. उन्हाने येणारे वांग किंवा तीळ ओठांच्या कडेला थांबतात; हे ठिपके ओठ ओलांडून गालाच्या आतल्या मऊ त्वचेपर्यंत गेले होते. पुढच्याच वर्षी जोनाथन हचिन्सन यांनी आपल्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात या मुलींची माहिती चित्रासह छापली आणि विषय तिथेच मिटला.

हचिन्सन यांना यापेक्षा जास्त काही सुचलं नाही, ही या गोष्टीतली मोठी गंमत आहे. कारण या मुलींपैकी एकीचा जीव ज्या दुखण्याने जाणार होता, त्या दुखण्यावर पोट उघडून रोगी वाचवल्याबद्दल हचिन्सन यांचं नाव शल्यचिकित्सेच्या इतिहासात आधीच लागलेलं होतं.

ते दुखणं म्हणजे इंटससेप्शन, आतड्यात आतडं शिरणं. सदऱ्याची बाही काढताना तिचा एक भाग आतल्या आत ओढला जावा, तसा आतड्याचा वरचा तुकडा पुढच्या तुकड्यात घुसतो. आतड्याची हालचाल अन्न पुढे ढकलण्यासाठी असते. ती हालचाल या घुसलेल्या तुकड्यालाही अन्नच समजते आणि आणखी पुढे ढकलते. तुकडा एकटा जात नाही. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या शिरांचा पडदाही त्याच्याबरोबर आत खेचला जातो आणि आवळला जातो. आधी रक्त बाहेर पडायची वाट बंद होते, म्हणून आतडं सुजतं. सुजल्यामुळे जास्तच आवळलं जातं. शेवटी आत येणारं रक्तही थांबतं आणि तो तुकडा काळा पडतो. पोटात येऊन-जाऊन कळा, उलट्या, कधी शौचावाटे रक्त आणि शेम, आणि पोट चाचपलं तर हाताला लागणारी लांबट गाठ, ही त्याची लक्षणं.

लहान बाळांत हे बहुधा उघड कारणाशिवाय होतं. मोठ्या माणसात मात्र तसं सहसा होत नाही. मोठ्यांच्या आतड्यात आतडं शिरलं, तर दहातल्या नऊ वेळा तिथे काहीतरी सापडतं: चरबीची साधी गाठ, देठावर लोंबणारा पॉलिप, किंवा कर्करोग. आतड्याची हालचाल त्या गाठीला धरते, पुढे खेचते आणि गाठीमागून भिंतही जाते. हा सगळा प्रकार बाळांत नेहमीचा, प्रौढांत दुर्मीळ. एकूण रुग्णांत प्रौढ शंभरात पाचेक असतात, आणि मोठ्या माणसाचं आतडं अडण्याच्या कारणांत याचा वाटा शंभरात एकाच्या आसपास.

या आजाराची ओळख जुनी आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या पॉल बार्बेट यांनी १६७४ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि गरज पडली तर पोट उघडून आतडं सोडवता येईल, असंही सुचवलं. पण ते ऐकणार कोण? भूल नाही, जंतूंची कल्पना नाही, अशा काळात पोटाला सुरी लावणं म्हणजे रोग्याला आपल्या हाताने मारणंच होतं. मग बाकीचे उपाय चालत: रोग्याला पारा पाजायचा, शिशाच्या गोळ्या गिळायला लावायच्या (वजनाने वाट मोकळी होईल या आशेवर), किंवा गुदद्वारातून भात्याने हवा भरायची. यातला हवेचा उपाय हिपोक्रॅटिसच्या नावावरही सांगितला जातो, आणि तो सगळ्यांत शहाणा होता. आज बाळांवर होणारे उपचार त्याच वाटेने जातात. जॉन हंटर यांनी १७८९ साली लंडनमध्ये या विषयावर निबंध वाचला, आतडं कसं शिरतं हे नीट समजावलं. अधूनमधून एखादा प्रौढ रोगी मात्र वैद्यांच्या मदतीशिवायच वाचे. आत शिरलेला तुकडा कुजून सुटा होई, दोन्ही बाजूंची आतडी एकमेकांना चिकटलेली असत आणि काही दिवसांनी हातभर आतडं शौचावाटे बाहेर पडे. अशा तुकड्यांची वर्णनं आणि बरण्यांत ठेवलेले नमुने एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी फार हौसेने जमवले. वाचायला भयंकर वाटतं, पण त्या काळात रोग्याची सर्वात मोठी आशा हीच होती.

प्रौढ रोग्यावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, टेनेसी राज्यात झाल्याचं मानलं जातं. शल्यचिकित्सक जॉन विल्सन. रोगी एक तरुण कृष्णवर्णीय गुलाम. ईथरच्या भुलीला अजून दीड दशक अवकाश होता. त्या तरुणाला विचारलं होतं का, विचारलं असतं तर नाही म्हणायची त्याला सोय होती का, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाहीत. विल्सन यांचं नाव राहिलं, त्याचं राहिलं नाही.

हचिन्सन यांची शस्त्रक्रिया १८७१ ची. व्हाइटचॅपलच्या लंडन हॉस्पिटलमध्ये दोन वर्षांची एक मुलगी आणली गेली. साधारण महिनाभराचं दुखणं, आणि आतलं आतडं इतकं खाली उतरलेलं की त्याचं टोक गुदद्वारातून बाहेर दिसत होतं. बाहेरून आत ढकलून पाहिलं, भागलं नाही. मग क्लोरोफॉर्म देऊन बेंबीखाली मध्यरेषेवर छेद घेतला, आतडं बाहेर काढलं आणि शिरलेला तुकडा हलक्या हाताने मागे सरकवून मोकळा केला. काम काही मिनिटांत आटोपलं. मुलगी वाचली. लहान मुलावरची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून गणली जाते, आणि १८७४ मध्ये छापून आल्यावर इतर शल्यचिकित्सकांना पोट उघडायचा धीर आला. तरी सगळ्यांनाच हा मार्ग पटला नव्हता. कोपनहेगनचे हॅरल्ड हिर्शस्प्रुंग पाण्याच्या दाबाने आतडं मागे सारण्याच्या बाजूचे होते. १९०५ मध्ये त्यांनी १०७ बालरुग्णांचा हिशेब मांडला, त्यात मृत्यूचं प्रमाण ३५ टक्के होतं. त्या काळाच्या मानाने हा आकडा फार चांगला होता.

तर असे हे हचिन्सन. त्यांना सगळ्यात रस होता: त्वचा, डोळे, दात, गरमी. जन्मजात गरमीने खाच पडलेल्या दातांना आजही त्यांचं नाव आहे. माणूस प्रचंड पाहणारा, टिपणारा, चित्रं काढून घेणारा. हॅझलमिअरला त्यांनी स्वतःचं संग्रहालय उभारलं. आणि एकदा का एखादी कल्पना डोक्यात बसली की हटणारा नाही. कुष्ठरोग खराब झालेले मासे खाल्ल्याने होतो, हे त्यांचं ठाम मत होतं. हान्सेन यांनी १८७३ मध्येच कुष्ठरोगाचा जंतू दाखवला होता, तरी हचिन्सन सत्तरी उलटल्यावर पुरावे गोळा करायला दक्षिण आफ्रिकेत गेले, १९०२-०३ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात येऊन फिरले आणि १९०६ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. पिढ्यान्‌पिढ्या सुकट-बोंबलावर वाढलेल्या कोकणी माणसाला त्यांची समजूत घालता आली असती; पण ते पुरावा मागायला आले होते, उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार होतं.

असा माणूस जेव्हा ओठांवरचे ठिपके पाहतो, तेव्हा त्याला त्वचेचं एक विरळ लक्षण दिसतं. ते त्याने नोंदवलं, चित्र छापलं. त्या बारा वर्षांच्या पोरी तेव्हा धडधाकट होत्या. त्यांच्या पोटात काय आहे, हे बघायला कारणच नव्हतं. शल्यचिकित्सा आणि त्वचारोग या दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात होत्या, पण मधलं दार कुठे आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मी याचा दोष हचिन्सन यांना देत नाही. उणीव होती ती वेळाची. जुळ्यांचं आयुष्य अजून पुढे जायचं होतं.

ते पुढे कसं गेलं, हे कळायला १९१९ साल उजाडलं. फ्रेडरिक पार्क्स वेबर हे लंडनचे डॉक्टर म्हणजे विरळा रोगांचे संग्राहक. नाण्यांचाही संग्रह करत, आणि दोन्ही छंद एकाच वृत्तीने. हजाराहून जास्त लेख त्यांच्या नावावर आहेत आणि स्टर्ज-वेबरसारख्या अनेक रोगांच्या नावात ते आजही आहेत. तोंडातल्या काळ्या डागांवर लिहिताना त्यांना ही जुनी चित्रं आठवली. तोंडात डाग दिसले की डॉक्टरांच्या मनात आधी अ‍ॅडिसनचा रोग येतो, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी निकामी करणारा. वेबर यांचं म्हणणं होतं की हे डाग त्यातले नव्हेत. त्या ओघात त्यांनी जुळ्यांचं पुढे काय झालं ते लिहून ठेवलं: एक बहीण विसाव्या वर्षी इंटससेप्शनने गेली.

ही माहिती इतकी नेमकी आहे की आज वाचताना ओरडून सांगावंसं वाटतं: अहो, हेच तर उत्तर! वेबर यांनी मात्र ते एक जीवनवृत्त म्हणून लिहिलं आणि पुढे गेले. दुसरी बहीण पुढे ५२ व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने वारली. म्हणजे ठिपक्यांमागच्या रोगाची दोन मुख्य रूपं एकाच गर्भातल्या दोन मुलींनी वाटून घेतली होती, पण तेव्हा हे कुणाला उमगण्याची शक्यताच नव्हती.

दोन गोष्टी एकत्र आणल्या त्या हेगच्या यान प्युट्झ यांनी, १९२१ मध्ये. त्यांच्या समोर एकच रोगी नव्हता, कुटुंब होतं. या कुटुंबातल्या अनेकांना आतड्यात पॉलिप, नाकात पॉलिप आणि ओठ-तोंडावर ठिपके होते. एकाला हे असेल तर योगायोग म्हणावा. आई-बापाकडून पोरांकडे ठिपके आणि पॉलिप जोडीनेच उतरत असतील तर योगायोग म्हणून कसं चालेल? प्युट्झ यांनी ठामपणे लिहिलं की हे आनुवंशिक आहे. लिहिलं मात्र डच भाषेत, डच मासिकात. नेदरलँडबाहेर त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही.

शल्यचिकित्सकांकडे तोवर प्रौढांच्या इंटससेप्शनवर स्वतंत्र लिखाण सुरू झालं होतं. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या एलियट आणि कॉर्सकेडन यांनी ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’त प्रौढांवर भर देऊन लेख लिहिला, आणि मोठ्यांच्या दुखण्यामागे गाठी असतात हे तिथे रुजलं. पण ओठ तपासायला शल्यचिकित्सक कशाला जातील? रात्री आलेल्या पोटदुखीच्या रोग्याचं पोट दाबून बघतात, जीभ बघतात, नाडी बघतात. ओठ उलटून बघत नाहीत.

१९४७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये व्हिक्टर मॅक्युसिक हा तरुण इंटर्न होता. जन्म १९२१ चा, म्हणजे प्युट्झ यांचा लेख निघाला त्याच सालचा. आणि गंमत म्हणजे तोही जुळा. त्याचा भाऊ व्हिन्सेंट पुढे मेन राज्याचा सरन्यायाधीश झाला. मॅक्युसिककडे एक किशोरवयीन मुलगा आला: लहान आतड्याच्या वरच्या भागात पॉलिप, आणि ओठांवर गडद ठिपके. पुढच्या काही महिन्यांत त्याला असे आणखी चार रोगी सापडले. त्यातले तिघे एकाच घरातले.

त्याने विद्यापीठातले आनुवंशशास्त्रज्ञ बेंटली ग्लास यांचा सल्ला घेतला. प्रश्न साधा पण खोल होता: ठिपक्यांचं एक जनुक आणि पॉलिपचं दुसरं, अशी दोन शेजारी जनुकं बरोबर उतरतात, की एकच जनुक दोन्ही उद्योग करतं? ग्लास यांचा कौल एका जनुकाकडे होता.

याच सुमारास मॅक्युसिकला कळलं की हॅरल्ड जेगर्स नावाचे डॉक्टर याच विषयावर काम करताहेत आणि त्यांच्याकडे पाच रोगी जमले आहेत. जेगर्स हे कात्रणांचे भोक्ते होते. वैद्यकीय लेख विषयवार कापून, लावून ठेवायचा त्यांचा नाद पुढे इतका वाढला की ‘जेगर्स मेडिकल इंडेक्स’ नावाने ओहायोमधल्या यंग्सटाउनच्या रुग्णालयात त्याचं स्वतंत्र ग्रंथालयच झालं. अशा माणसाच्या हातून जुने धागे निसटत नाहीत. पाच आणि पाच मिळून दहा रोगी झाले आणि डिसेंबर १९४९ मध्ये जेगर्स, मॅक्युसिक आणि केर्मिट कॅट्झ यांचा लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन हप्त्यांत आला. ठिपके आणि पॉलिप ही जोडी निदानाला उपयोगी आहे, हे त्यांनी शीर्षकातच सांगितलं. १९५४ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या दुखण्याला प्युट्झ-जेगर्स हे नाव दिलं. कॉनर, हचिन्सन, वेबर नावात आले नाहीत. जुळ्या बहिणींचं तर विचारायलाच नको.

निदानाला उपयोगी म्हणजे काय, हे शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी कळतं. मोठ्या माणसाचं पोट उघडलं, आतड्यात आतडं शिरलेलं दिसलं, तर शल्यचिकित्सकापुढे पेच असतो. बाळाचं असेल तर मागे सरकवून मोकळं करायचं, संपलं. मोठ्याच्या बाबतीत आत कर्करोगाची गाठ असू शकते. सरकवताना ती दाबली गेली तर पेशी विखुरायचा धोका, आणि सुजलेलं आतडं फाटायचा धोका वेगळाच. म्हणून शिरलेला भाग न सोडवता, जसाच्या तसा, कापून काढायचा असा पायंडा पडला, विशेषतः मोठ्या आतड्यात. पण प्युट्झ-जेगर्सच्या रोग्याला हीच शिस्त मारक ठरते. त्याच्या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. स्नायूंच्या फांद्यांवर वाढलेल्या, आतड्याच्या स्वतःच्याच पेशींच्या चुकलेल्या घडणी असतात. आणि एक काढली म्हणून प्रश्न सुटत नाही. पाच वर्षांनी दुसरी, दहा वर्षांनी तिसरी. दर वेळी दोन फूट आतडं गेलं, तर चाळिशीपर्यंत अन्न पचवायला आतडंच उरणार नाही. अशा रोग्याचं आतडं हलकेच सोडवायचं, छोटा छेद घेऊन पॉलिप तेवढा काढायचा आणि पुन्हा शिवायचं, हे शहाणपणाचं. म्हणजे ओठांवरचा तो डाग बघितला की नाही, यावर किती कापायचं हे ठरतं. प्रौढ रोग्यांत ठिपके फिके पडलेले असतात, वयात आल्यावर ओठांवरचे बरेचसे मिटतात; गालाच्या आतले मात्र टिकतात. म्हणून ओठ नुसता बघून चालत नाही, टॉर्च मारून गाल उलटून बघावा लागतो.

अर्थात सगळे प्रौढ रोगी प्युट्झ-जेगर्सचे नसतात. त्यांची संख्या थोडीच. १९९७ मध्ये मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अझार आणि बर्जर यांनी तिथल्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. एवढ्या मोठ्या रुग्णालयात इतक्या काळात शस्त्रक्रियेने सिद्ध झालेले प्रौढ इंटससेप्शनचे रोगी मिळाले ५८. त्यातल्या ९३ टक्क्यांत आतड्यात काहीतरी दोष सापडला. लहान आतड्यातल्या दोषांपैकी ४८ टक्के आणि मोठ्यातल्यांपैकी ४३ टक्के कर्करोगाचे. सीटी स्कॅन सरसकट होण्याआधी निम्म्याहून जास्त रोग्यांचं खरं निदान पोट उघडल्यावरच होत असे. आता स्कॅनवर आतड्याच्या आत आतड्याचं कडं दिसतं, नेमबाजीच्या फळ्यावरच्या वर्तुळांसारखं, आणि नवशिका निवासी डॉक्टरही ते ओळखतो.

कर्करोगाचा धागा मात्र बराच उशिरा हाती आला. कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकं सांगत होती की प्युट्झ-जेगर्सच्या गाठी निरुपद्रवी, आडवं येतं ते फक्त आतड्याचं अडणं. १९८७ मध्ये हॉपकिन्सच्याच जियार्डियेलो आणि सहकाऱ्यांनी ३१ रोग्यांचा माग काढला आणि त्यातल्या १५ जणांना कर्करोग झालेला आढळला, तोही आतड्यातच नव्हे तर इतरत्रही. स्तनाच्या कर्करोगाने गेलेली दुसरी जुळी बहीण त्या चित्रात आता बरोबर बसली.

१९९८ च्या सुरुवातीला फिनलंड आणि जर्मनीतल्या दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी जनुक शोधून काढलं. गुणसूत्र १९ वरचं एसटीके११, ज्याला एलकेबी१ असंही म्हणतात. पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणारं जनुक. ते बिघडलं की ठिपकेही येतात, पॉलिपही वाढतात. ग्लास यांचा कौल बरोबर निघाला. पुढच्या वर्षी डच संशोधकांनी प्युट्झ यांच्या मूळ कुटुंबाचा ७८ वर्षांचा पाठपुरावा छापला. तेच कुटुंब, पुढच्या पिढ्या, तोच बिघाड, आणि आयुष्य कमी होण्याची कारणंही तीच दोन: आतडं अडणं आणि कर्करोग.

नेदरलँडमधूनच २०११ मध्ये आणखी एक हिशेब आला. प्युट्झ-जेगर्सच्या ११० रोग्यांपैकी ६९ टक्क्यांना आयुष्यात निदान एकदा तरी इंटससेप्शन झालेलं, आणि पहिल्या वेळेचं मधलं वय १६. विसाव्या वर्षापर्यंत निम्म्यांना हा फटका बसतो. एव्हाना आतड्याच्या आत शिरून बघायची साधनं आली होती: २००० मध्ये गिळायचा कॅमेरा, आणि २००१ मध्ये जपानच्या हिरोनोरी यामामोटो यांनी दाखवलेली दोन फुग्यांची दुर्बीण, जी लहान आतडं घडी घालत घालत स्वतःवर चढवत आत जाते आणि पॉलिप जागच्या जागी कापून काढते. म्हणून आता असे ठिपके असलेल्या मुलांची तपासणी आठव्या वर्षापासून सुरू करतात, आणि मोठे पॉलिप सापडले तर आतडं शिरायच्या आधीच काढून टाकतात.